अर्ध्या गालाचा साबण

सकाळी चुलीवरचं पहिलं गरम पाणी आमच्या घरात देवाला नाही, लेकराला नाही, माझ्या सासऱ्यांच्या गालाला लागायचं. माझी मुलगी तान्ही होती तेव्हा अंघोळीसाठी तिला उघडं करून मी पाण्याची वाट बघत बसे, आणि सासरे ओट्यावर वाटीतला साबण घोटत असत. फेस दह्यासारखा घट्ट झाल्याशिवाय ब्रश गालाला लागत नसे. "पाण्याला घाई चालती, फेसाला न्हाई," असं म्हणायचे. शेतातल्या हळदीला त्यांनी एवढा जीव कधी लावला नाही.

गाव त्यांना तात्या म्हणायचं, मी मामंजी. त्यांचा पितळी रेझर हैदराबादहून आणलेला होता. दांडा पिळला की वरचं तोंड दोन बाजूंना उघडायचं आणि आत पत्ती बसायची. खांबावर आरसा टांगून ते रस्त्याकडे तोंड करून बसायचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. "न्हाव्याचा हात या गालाला कधी लागला न्हाई," हे रोज कुणाला तरी ऐकवायचं, जसा काही गड राखला होता. दाढी वाढवलेला पोरगा दिसला की म्हणायचे, "तोंडावर गवत वाढवून राहिलास व्हय रे? काहून, तर इळा धरता येत न्हाई!"

एकदा फळी पुसताना मी रेझर उचलला. केवढ्यांदा ओरडले! "ठेव तो! बाईचा हात लागला की धार जाती." विळी रोज माझ्याच हातात असते, तिची धार कधी गेली नाही. पण मला माणसांत बोलता येत नाही, लहानपणापासूनच. मी रेझर ठेवला आणि आत गेले.

पुढे त्यांचा हात थरथरायला लागला. हनुवटीवर रोज नवीन जखम, वर पेपरचे तुकडे चिकटवलेले. माझे मालक म्हणाले, "तात्या, न्हाव्याला घरी बोलावू का?"

"मी मेल्यावर बोलाव."

मग एक दिवस मला आतल्या खोलीत हाक आली. "सूनबाई, दरवाजा लाव. तेवढी हनुवटी बघ. अन् कुणाला बोलायचं न्हाई." आधी हनुवटी, मग गळा, मग सगळीच दाढी माझ्याकडे आली. हात हलका ठेवायचा, गालाची कातडी ताणून धरायची, हे मीच करत करत शिकले. शेवटी तुरटी फिरवली की ते ओट्यावर जाऊन बसायचे आणि शेजारच्या रंगनाथकाकांना म्हणायचे, "बघ, या वयातबी हात कसा हाय!" बाईच्या हातानं धार जाते, हेही सांगायचं सोडलं नाही. मी आत त्यांचा ब्रश धूत ते ऐकायचे.

माझी आई सिद्धेश्वरला एकटी राहते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन हिंगोलीला ठरलं. नंतर डोळ्यात थेंब टाकायला, भाकरी करून द्यायला कुणी नव्हतं. मालकांनी माझ्यासाठी विचारलं, तर मामंजी सगळ्यांसमोर म्हणाले, "थेंब शेजारीणबी टाकंल. हितं घर कोण बघंल?" घरात मालक होते, स्वयंपाक येणारी मोठी मुलगी होती. घर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. दोन गाल!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरून दाराआड ठेवली. दोन्ही गालांना फेस लावला. उजवा गाल स्वच्छ केला आणि रेझर वाटीत ठेवला.

"काहून थांबली?"

"मामंजी, मी आईकडं चालले. गाडी येईल आता."

"अन् ही बाजू?"

"ती तुमीच करा. गावाला तसंच सांगता नं."

ते ओरडायला गेले तर साबण तोंडात गेला. तेवढ्यात बाहेरून रंगनाथकाकांनी हाक दिली, "तात्या, झाली का न्हाई दाढी?" मामंजींचं तोंड मिटलं. मी पिशवी उचलली. बाहेर मालकांना म्हटलं, "मामंजी जा म्हणाले." आतून कडी लावल्याचा आवाज आला.

ऑपरेशन नीट झालं. मालकांचा फोन आला, "तात्यांचा दात लई दुखून राहिला. तोंडाला उपरणं बांधून बसलेत. रंगनाथकाकानं लवंगा दिल्या, त्या चावून राहिलेत." मी इतकी हसले की पट्टी बांधलेली आई विचारायला लागली, काय झालं गं?

मी परत आले तरी उपरणं होतंच. दरवाजा लावून ते सोडलं, तर एका गालावर खुंट, दुसऱ्यावर पांढरं जंगल. "पाणी तापव," एवढंच बोलले. आईचा डोळा कसा आहे, हेसुद्धा विचारलं नाही. मी पाणी तापवलं. त्यानंतर माहेरचा विषय निघाला की चारचौघांत म्हणायचे, "जाऊ द्या तिला. लेकरानं आईकडं जावंच." लोकांना वाटायचं, सासरा असावा तर असा.

गेल्या माघात ते गेले. त्या सकाळीही दाढी मीच केली होती. ओट्यावर जमलेली माणसं म्हणत होती, "गड्यानं मरेपर्यंत आपल्या हातानं केली. चेहरा बघा कसा तुकतुकीत हाय." मी दाराआड उभी होते.

रेझर मालकांनी आठवण म्हणून कपाटात ठेवला. ब्रशनं मी शिलाई मशीनमधला धुरळा झाडते. शेवटची पत्ती सुयांच्या डबीत आहे. जुन्या ब्लाउजची शिवण उसवायला ती घेते. धार अजून गेलेली नाही.