इन्स्पेक्टरबाईंचा ओंडका

इन्स्पेक्टरबाई लाकडाला आधी टिचकी मारायच्या आणि मगच त्यावर बसायच्या. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा नव्याकोऱ्या सोफ्याचा हातही त्यांनी वाजवून पाहिला. "बरा आहे," म्हणाल्या. सोफ्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणं शक्य नव्हतं.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्या लाकडी पेट्या तपासत. फळीवर बुरशीचा ठिपका दिसला की पेटी रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर त्या रोज सकाळी आमच्याबरोबर टेकडीवर फिरायला येऊ लागल्या आणि चक्क त्याच बुरशीच्या प्रेमात पडल्या.

वाटेत एक वठलेला शिरीष आडवा झाला होता. त्याच्या खोडावर बशीएवढी तपकिरी बुरशी उगवली होती. "ती ड्यूटीवर आहे, हात लावायचा नाही," असं बाई दटावत. "अहो, ही लाकूड खाऊन त्याची माती करते, म्हणून जंगलात नवं झाड उगवतं. नाहीतर टेकडीभर मेलेली खोडंच साचली असती. आपण फिरायला कुठे गेलो असतो?" हे व्याख्यान आम्ही इतक्यांदा ऐकलं, की पुढेपुढे शेवटचं वाक्य आम्हीच म्हणायचो.

मग आमच्या फिरायच्या गटाने ठरवलं, ओंडका हलवायचा आणि तिथे बाक ठेवायचं. करवतवाला आला त्या सकाळी बाई थर्मास घेऊन ओंडक्यावर बसलेल्या. "बाक हवंय ना? मग हे काय आहे? बसा." कोणी बसलं नाही. करवतवाला मात्र त्यांच्याकडचा चहा पिऊन परत गेला.

त्यानंतर बाई रोज तिथेच बसू लागल्या, अर्थात टिचकी मारून. दर पावसाळ्यानंतर आवाज आणखी पोकळ यायचा आणि बाई आणखी खूश व्हायच्या. त्यांच्या वजनाबद्दल काही सुचवायची आमची हिंमत नव्हती.

एका सकाळी ओंडका त्यांच्यासकट खचला. आम्ही धावलो. बाई काळ्या, भुसभुशीत मातीत फतकल मारून बसल्या होत्या आणि मूठभर माती हुंगत होत्या. "पास!" म्हणाल्या. नोकरीत हा शब्द त्यांनी इतक्या आनंदाने कधी उच्चारला नसावा.

गुडघा मात्र रिजेक्ट झाला. लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली.

ओंडक्याच्या जागी आता शिरीषाची दोन रोपं आली आहेत. रोपांशेजारी आमच्या गटाने लोखंडी बाक ठेवलंच. मी फोनवर सांगितलं तर बाई म्हणाल्या, "लोखंडी? म्हणजे ते कधी कुजायचं नाही. काय उपयोग मग?"

बसण्याआधी मी त्या बाकाला टिचकी मारतो. खणखणीत आवाज येतो आणि बाईंची फार आठवण येते.