लाडवाचं अक्षर

साकोलीच्या बसस्टँडमागे माझ्या एका मित्राचं लेबलं छापायचं दुकान. बचत गटाच्या बाया लोणचं, पापड, मोहाचे लाडू घेऊन यायच्या आणि तो आधी चाखून पाहायचा. "चाखल्याबिगर अक्षर सुचतच नाही मले," म्हणायचा. लोणच्याला तिरपं, ठसका लागल्यासारखं अक्षर. लाडवाला गोल, गुबगुबीत. साबण आला तर हुंगायचा. अक्षर कॉम्प्युटरच्या पडद्यावर नाचायला लागलं की स्वतःच खुदकन हसायचा.

मग बाया मोबाइलवरच लेबलं करू लागल्या. चाखायला कोणी काही आणेना. तरी तो रोज कॉम्प्युटर लावून कोऱ्या पडद्यासमोर बसायचा. मी हळूहळू त्या गल्लीतून जाणंच टाळू लागलो.

परवा गेलो तर तो बंद शटरवर कागद चिकटवत होता: 'दुकान भाड्याने देणे आहे'. अक्षर लाडवाचं.

"याले तरी साधं अक्षर घ्याचं होतं," मी म्हटलं.

"साधं मले जमत नाही आता."

तेवढ्यात पिशवी घेतलेली एक बाई थांबली. नीट न वाचताच हसून तिनं विचारलं, "काय नवीन उघडून राहिले जी?"

"मिठाईचं दुकान," तो म्हणाला आणि त्यानं वाकून कुलूप लावलं.