हौस म्हणे!

अभय विश्रांतवाडीत इडली-डोशाचं पीठ विकतो. संध्याकाळी वाटतो, सकाळी पिशव्या भरतो आणि स्कूटरवरून दुकानादुकानांत पोचवतो. इंजिनिअर झाला, दोन वर्षं मुलाखती दिल्या, ‘कळवतो’ ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा कुठे त्याने मागच्या गॅलरीत ग्राइंडर बसवला.

पण त्याच्या वडिलांना, तात्यारावांना विचाराल, तर पोरगं घरीच बसलंय. उभा जन्म सरकारी कचेरीत खुर्ची उबवलेला माणूस. डाळ वाटणं त्यांच्या लेखी कामच नव्हे. ग्राइंडर सुरू झाला की उठून गॅलरीचं दार लावून घेतात, शेजाऱ्यांना ऐकू जायला नको म्हणून. अहो, निम्मी सोसायटी त्याच पिठाचे डोसे खाते. लपवताय कुणापासून?

अशात गोपाळकृष्ण नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांची मुलांची मेस होती आणि त्यांना रोज पीठ हवं होतं, वर्षभर. अभयला आकाश ठेंगणं झालं. हे जमलं असतं तर गॅलरी सोडून गाळा घेता आला असता, मोठं मशिन आणता आलं असतं. काम बघायला येतो, असं गोपाळकृष्ण म्हणाले आणि आले ते नेमके अभय पीठ पोचवायला गेलेला असताना.

तात्यारावांनी त्यांना आत बसवलं, चहा पाजला आणि अगदी प्रेमाने सांगितलं, “छे हो, धंदा कसला! हौस आहे त्याची. महिन्याभरात नोकरी लागेल, मग हे सगळं बंदच.”

गोपाळकृष्णांनी चहा संपवला, नोकरीसाठी शुभेच्छा दिल्या आणि दुसरीकडे पीठ ठरवून टाकलं. अभयने फोन केला तेव्हा ते चिडलेसुद्धा नाहीत. सकाळी साठ मुलं ताट घेऊन उभी असतात, म्हणाले. महिन्याभरात बंद होणाऱ्या हौसेवर मेस कशी चालवू?

घरी येऊन अभयने वडिलांना विचारलं, तर ते उलट फुशारले. परक्या माणसासमोर पोराची अब्रू राखली, म्हणाले.

अभयचं डोकं फिरलं होतं, पण आवाज चढला नाही. “बाबा, माझी नाही, तुमची राखलीत. माझी अब्रू तो माणूस आपण होऊन घरी आला, तेव्हाच वाढली होती.”

तात्यारावांनी टीव्ही लावला. बातम्या सुरू झाल्या, पण आवाज वाढवायचं काही त्यांना सुचलं नाही.

राधाताई, अभयची आई, तांदळाचा डबा घेऊन दारात आली. मेसचं नक्की झालंय अशाच समजुतीत होती बिचारी. किती भिजवू रे, तिने विचारलं.

“नेहमीएवढेच,” अभय म्हणाला.