पाच आणि सहा नंबरचं शेत

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली दिसते. दुपारचे बारा वाजायला आलेत. भिंती दुधी रंगाच्या, दिवे इतके पांढरे की कुणाची सावली कुठे पडत नाही. ओळीनं आठ आरामखुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीशी पुरुषभर उंचीचं एक यंत्र, आणि प्रत्येक यंत्राच्या पोटात गोल गोल फिरणारं एक चाक. दाराशी वजनकाटा. त्याच्यावरून गेल्याशिवाय इथे कुणालाही प्रवेश नाही.

पहिला प्रवेश कटिंग मास्तरांचा. वय अठ्ठावन्न, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. ते चपला काढून काट्यावर उभे राहतात.

"अडीच किलो जास्त," सिस्टर म्हणते. "काय प्यालात, मास्तर?"

"चहा. घोट मोजून प्यालो."

"मग घोट मोठे होते वाटतं."

मूत्रपिंडं थकलेल्या माणसाचं दोन दिवसांत वाढलेलं वजन म्हणजे अंगात साचलेलं पाणी. ते इथलं यंत्र चार तास बसून काढून घेतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बारा ते चार. मास्तरांची खुर्ची सहा नंबरची.

मास्तर गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं कापड कापत होते. शाळांचे, हॉटेलांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश. साठ थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि एकाच फेरीत साठ बाह्या मोकळ्या करायच्या. समोरच्या माणसाकडे बघून त्याची छाती किती इंच हे ते सांगत, आणि पाऊण इंच चुकले तर दिवसभर तोंड पाडून बसत. पण कापलेल्या गठ्ठ्याचं पुढे काय होतं, हे त्यांनी फारसं पाहिलं नाही. गठ्ठा बांधला की तो शिलाईच्या खोलीत जायचा. मास्तर पुढचं कापड अंथरायचे.

हे सगळं उजव्या हातानं. डावा हात कापड दाबून धरण्यापुरता. आजार आला तेव्हा सुया टोचण्यासाठी डॉक्टरांनी डाव्या हाताची रक्तवाहिनी तयार केली होती. ती चार वर्षांनी बंद पडली, तेव्हा उजव्या हाताची पाळी आली. आता यंत्र चालू असेपर्यंत उजवा हात उशीवर सरळ, कोपर वाकवायचं नाही. डावा मोकळा, पण त्याला काहीच येत नव्हतं. साधं वर्तमानपत्राचं पान उलटायला गेला तर फाडून ठेवायचा. चार तास छताकडे बघत बसणं मास्तरांच्या जिवावर यायला लागलं.

मग त्यांनी दांड्या मारायला सुरुवात केली. घरून पिशवी घेऊन वेळेवर निघायचे आणि जायचे कारखान्याच्या गोदामात. तिथे कापडाच्या ताग्यांमध्ये बसून संध्याकाळी घरी. मास्तरांची बायको दातांच्या दवाखान्यात नोंदी ठेवायची, तिची नजर बारीक.

"अहो, दवाखान्यातून येताना विजारीला हा निळा धागा कुठून चिकटला?"

"शेजारच्या खुर्चीवर शिंपी होता."

"तुमच्याखेरीज दुसरा शिंपी आहे का तिथे?"

त्या एका वर्षात दम लागून त्यांना दोनदा भरती करावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तिसऱ्यांदा असे आलात, तर माझ्या हातात काही असेलच असं नाही." मास्तरांनी मान हलवली. मान हलवणं सोपं असतं.

पाच नंबरच्या खुर्चीवर पोस्टातल्या बाई आल्या त्या याच सुमारास. निवृत्त, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं शिक्का मारल्यासारखं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पत्रांची छाननी केली होती. त्यांचा डावा हात यंत्राला, उजवा मोकळा. मांडीवर एक चपटा, हातात मावणारा गेम. मधे पडदा, दोन बाजूंना बटणं. भाचीनं दिलेला. त्यात एक शेत होतं.

"मास्तर," दुसऱ्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, "तुमचा डावा हात काही करतोय का?"

"नाही. का?"

"मग इकडे द्या. याला दोन हात लागतात. घरी माझे दोन असतात, इथे एकच."

सिस्टरनं चाकांचं टेबल दोन खुर्च्यांच्या मधे सरकवलं. गेम त्यावर टेकवून उभा केला. डावीकडचा दांडा बाईंच्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली आला, उजवीकडची बटणं मास्तरांच्या डाव्या हाताखाली. दांड्यानं पडद्यातला शेतकरी चालायचा, बटणांनी कामं करायचा. म्हणजे बाई चालणार आणि मास्तर राबणार. सिस्टर म्हणाली, "वा, संसार चांगला चाललाय." त्यावर बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं ते पुन्हा कधी म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी विहिरीवर कुऱ्हाड मारली, कोंबडीवर पाणी ओतलं आणि विकत आणलेलं बियाणं खाऊन टाकलं.

"खायचं बटण कुणी दाबायला सांगितलं?"

"बोट तिथे होतं म्हणून दाबलं."

"पोस्टात असते ना मी, तर तुम्हाला परत पाठवलं असतं. पत्ता अपुरा म्हणून."

पण महिन्याभरात डावा हात शिकला. चौतीस वर्षं नुसतं कापड दाबणारी बोटं नांगरायला लागली, पेरायला लागली, झारी धरायला लागली. झारीतून पाणी पडलं की मातीचा रंग गडद व्हायचा आणि बारीक 'चुळ्' असा आवाज यायचा. मास्तरांना दिवसभरात पाणी चार पेले. त्याहून जास्त प्यालं की काटा चुगली करायचा. आणि इथे टोमॅटोला झारीवर झारी, कुणी विचारत नाही. 'चुळ्' झालं की मास्तरांचा घसा हलायचा. बाई ते बघायच्या आणि शेतकऱ्याला पुढच्या रोपापाशी न्यायच्या.

मास्तर जन्मले दुकानाच्या माळ्यावर. शेती त्यांनी केली नव्हती आणि खरी करायची त्यांना हौसही नव्हती. त्यांना आवडला तो या शेताचा चोखपणा. पिशवीत नऊ बिया म्हणजे नऊच खड्डे. रोज पाणी दिलं की ठरल्या दिवशी फळ. आणि सगळ्यात नवल वाटलं ते शेंगा आणि टोमॅटोचं. तोडून घ्या, तीन-चार दिवसांनी पुन्हा तिथेच. कापलेली वस्तू परत येते, हे त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

बाईंना आवडायची ती वाट. विहीर, वाफा, खुराडं, गोठा, पेटारा. एकही पाऊल दुसऱ्यांदा पडता कामा नये. गोठ्यात गाय आली तेव्हा तिचं नाव बाईंनी 'पार्सल' ठेवलं, कारण ती मागवल्यावर आली होती. एकदा कावळे उतरले आणि मास्तरांचा उजवा हात आपोआप उठला. यंत्रानं अशी बोंब ठोकली की आठही खुर्च्या जाग्या झाल्या. सिस्टरनं सुई ठीक केली, मास्तरांना ठीक केलं आणि गेम अर्धा तास जप्त केला.

दांड्या थांबल्या. मास्तर पावणेबारालाच काट्यापाशी हजर असायचे. बायकोला पहिल्यांदा संशय आला, मग ती एकदा स्वतः येऊन दाराच्या काचेतून बघून गेली. दोन म्हातारी माणसं एका चपट्या डब्यावर भांडताना दिसली. ती परत कामावर गेली.

भांडण होतं शेंगांच्या मांडवाचं. उन्हाळा लागला होता, पडद्यातला. मास्तरांनी हट्ट धरला की या खेपेची आखणी त्यांची. वाफा त्यांनी ताग्यासारखा डोळ्यांपुढे आणला आणि मांडवाला मांडव लावून असा गच्च भरला की चिंधीभर जागा वाया गेली नाही. ते खुर्चीत मागे रेलले. चौतीस वर्षांची विद्या होती ती.

पडद्यातल्या दुसऱ्या दिवशी बाई पाणी घालायला निघाल्या आणि बांधावर अडल्या. या खेळात मांडवातून माणूस जात नाही. कडेच्या वेलांना पाणी मिळालं. मधल्या सोळा वेलांपर्यंत झारी पोचेना. त्यांना नुसतं बाहेरून बघायचं.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुम्ही कपडे शिवत होता ना? त्यात माणूस शिरायला जागा ठेवायचात की नाही?"

मास्तरांनी बोटानं मधले वेल मोजले. "आखणी माझी असायची," ते म्हणाले. "माणूस दुसरे घालायचे." आणि मग त्यांना हसू फुटलं, इतकं की सिस्टर रक्तदाब बघायला धावली. मधले वेल वाढले नाहीत. बाई रोज त्यांच्या बाजूनं जाताना म्हणायच्या, "हे मास्तरांचे सोळा."

पानगळीचा मोसम लागला, तोही पडद्यातलाच, तेव्हा एका सोमवारी बाईंनी सांगितलं. धाकटा भाऊ मूत्रपिंड देतोय. तपासण्या जुळल्या. महिनाअखेर ऑपरेशन.

"लहानपणी पेन्सिल देत नसे," त्या म्हणाल्या. "आता हे देतोय. माझा विश्वास बसत नाही, म्हणून मी अजून आभार मानलेले नाहीत."

"चांगलं झालं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तेवढ्यात पिकलेला भोपळा सोडून कुंपण तोडलं.

त्या शेवटच्या शुक्रवारी बाईंनी गेम मास्तरांच्या पिशवीत घातला. "घरी मला भाची दुसरा आणतेय. हा इथला."

"एका हातानं मी काय करू?"

"ते मला माहीत नाही. बंद ठेवलात तरी चालेल. बंद ठेवल्यानं यातलं काही वाळत नाही." चष्मा काढून त्या म्हणाल्या, "तुमचं तसं नाही, मास्तर. एवढं लक्षात ठेवा."

त्यानंतरच्या सोमवारी मास्तर घरून पिशवी घेऊन वेळेवर निघाले आणि गोदामात गेले. सिस्टरचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. तिनं घरच्या नंबरावर केला, तेव्हा बायको कामावर होती. बुधवारी पुन्हा गोदाम. ताग्यांमध्ये बसून त्यांनी गेम काढला. इथे दोन्ही हात मोकळे होते. आता कुणाची गरज नाही, असं त्यांना वाटलं.

पण डाव्या हाताला फक्त बटणं ठाऊक, आणि आता त्याच्याकडे दांडा आला होता. शेतकरी भिंतीवर आपटला, तळ्याच्या काठी घुटमळला, गोठ्याऐवजी जंगलात गेला. अर्ध्या तासानं जरा जमलं, तसे मास्तर कामाला भिडले. राहिलेले भोपळे तोडायचे, मोडलेलं कुंपण घालायचं, लाकडं फोडायची. शेतकऱ्याची ताकद दाखवणारी एक पट्टी कोपऱ्यात असते. तिच्याकडे लक्ष ठेवायचं काम बाईंचं होतं. पट्टी उतरली की मास्तर कितीही ओरडले तरी त्या शेतकऱ्याला घरी नेऊन झोपवायच्या. आज पट्टी संपलेली मास्तरांना दिसलीच नाही. शेतकरी वाफ्यात उभ्याचा आडवा झाला आणि पडद्यावर काळोख झाला.

बाईंच्या राज्यात असं एकदाही झालं नव्हतं. मास्तर बघत बसले. आपल्याला धाप लागलीये, हे त्यांना तेव्हा कळलं. एका जागी बसून. खाली पाहिलं तर चपलेचा पट्टा पावलात रुतून दिसेनासा झाला होता.

कारखान्यातली, कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसणारी एक पोरगी धाग्याची रिळं न्यायला गोदामात आली होती. "मास्तर, बरं वाटत नाही का?"

"गाडी बोलाव एखादी," मास्तर म्हणाले. "आणि तोवर मला उठव."

काट्यावर पाच किलो जास्त. सिस्टरनं बसवलं, सुया टोचल्या, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर छाती तपासून गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, "आज पाच तास." सिस्टरनं मास्तरांच्या बायकोला फोन केला. मग ती मास्तरांकडे वळली.

"बाईंचं ऑपरेशन छान झालं. नवं मूत्रपिंड लगेच चालू. काल दोन लिटर लघवी झाली."

मास्तरांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "हळू बोला," ते म्हणाले. "इथे सगळे जळतील."

पाच नंबरवर आता एक गृहस्थ होते, सुई टोचण्याआधीच घोरायला लागणारे. त्यांचा उजवा हात मोकळा होता, पण तो झोपेत होता. तीन तासांनी धाप जरा उतरली, तसं मास्तरांनी टेबल स्वतःपाशी ओढून द्यायला सांगितलं. डावा अंगठा दांड्यावर. चार पावलं चालायचं, हात उचलायचा, पलीकडे नेऊन बटण दाबायचं, परत दांडा. या खेळात दिवस कुणासाठी थांबत नाही. दोन वाफे होईपर्यंत अंधार पडला. तेव्हा मास्तरांनी हिशेब बदलला. पडद्यात दुसरा दिवस उजाडला तसं सगळं जुनं उपटलं, दाराजवळ एक लहानसा वाफा धरला, आणि त्यात नऊ कोबी लावले. प्रत्येकाभोवती माणूस फिरेल एवढी जागा सोडून.

बायको आली तेव्हा ते शेवटच्या रोपाला पाणी घालत होते. ती दाराशी उभी राहिली, मग आत येऊन त्यांच्या पायांशी बसली. सुजलेल्या पावलावर हात ठेवला.

पाच तास संपले. सिस्टरनं सुया काढल्या, कापूस दाबला आणि नोंदवही उघडली.

"शुक्रवार," ती म्हणाली. "तुम्ही येणार, की मी सकाळीच घरी फोन करू?"

मास्तर डाव्या हातानं गेम पिशवीत ठेवत होते.

"फोन कशाला?" ते म्हणाले. "कोबीनं अजून गड्डा धरलेला नाही."