एक हात दांडीला

ग्रीसला एकटीच निघाले होते, पाठीवर सॅक घेऊन. बुलढाण्याला रेल्वे नाही, म्हणून मलकापूरची एसटी धरली. शेजारी नऊवारीतली एक म्हातारी होती. घाट लागताच तिनं पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी आवळली आणि डोळे मिटले. वळणावर देवीचं देऊळ आलं, तेव्हा मिटल्या डोळ्यांनीच तिनं एक हात सोडला, कपाळाला लावला आणि घाईनं परत दांडी धरली.

"पहिल्यांदाच जाता का, आजी?"

"नाही वं. दर हप्त्याले लेकीकडं जाणं असते."

"तरी भीती वाटते?"

"वाटते ना, माय. वाटू द्याव. भेव सोबत असलं की माणूस एकटं नसते."

मला हसू आलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मी एका ग्रीक बेटाकडे जाणाऱ्या बोटीत होते. तिकीट सगळ्यात स्वस्त, म्हणून उघड्या डेकवर. वारा सुटला, बोट एका अंगावर कलली. आजूबाजूला ओरडणाऱ्यांची भाषा मला येत नव्हती. मी दोन्ही हातांनी कठडा आवळला, डोळे मिटले. समोर नुसतं पाणी होतं, देऊळ कुठलंच नव्हतं.

तरी माझा एक हात सुटला, कपाळाला लागला आणि घाईनं परत कठड्यावर आला.