गुरवमामांचा गोटा

गुरवमामा कौलाच्या गोट्याला स्वतः कधी हात लावत नसत. नवी पेठेमागच्या गल्लीतल्या त्या छोट्या देवळात त्यांनी चाळीस वर्षं पूजा केली, पण सकाळी गोटा धुतानासुद्धा वरून तांब्याभर पाणी ओतायचे आणि सुकवायचं काम उन्हावर सोडायचे. "माझा हात लागला की माझंच बोलंल त्यो," म्हणायचे.

गोटा नारळापेक्षा थोडा मोठा, गुळगुळीत, अंगणातल्या सपाट शिळेवर ठेवलेला. दोन्ही तळवे त्यावर टेकवायचे, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. गोटा आपोआप फिरतो. उजवीकडे वळला तर देवाचा होकार, डावीकडे वळला तर नकार.

'आपोआप' या शब्दावर माझा विश्वास नव्हता. मी नोकरीनं वीजमीटर तपासणारा. चाक फिरतंय म्हणजे कुठून तरी जोर येतोय, एवढं मला कळतं. म्हणून दर रविवारी वही घेऊन मी देवळाच्या पायरीवर बसू लागलो. रकाने पाडले: बसणारा कोण, दिशा कोणती, वेळ किती, आणि शेवटचा, कोणी फिरवला. मामांनी हाकललं नाही. "आले मीटरसाहेब. घ्या देवाचं रीडिंग," म्हणून बसायला पोतं टाकायचे. मी स्वतः अकरा वेळा हात ठेवून पाहिले. गोटा ढिम्म.

"तुमी इचारत न्हाय, तपासताय," मामा म्हणाले.

एका रविवारी अक्कलकोटकडची एक बाई आली. लेकीचं लग्न जमेल का, असं मोठ्यानंच विचारून तिनं हात ठेवले. गोटा डावीकडे वळला. रांगेतल्या बायका हळहळल्या. ही मात्र हसत उठली. "आमच्या गावात डावीकडंच व्हय असतंय की," म्हणाली आणि ओटी भरून गेली.

मला हवा तो पुरावा मिळाला होता. "मामा, गोट्याला तिच्या गावची रीत कशी कळली?"

"तिला म्हाईत हुती की."

"म्हणजे तीच फिरवते. तिला न कळत. मनात जे धरलेलं असतं, त्या बाजूला हात जातो."

"मग मी कुटं येगळं म्हनलो?" समईची वात पुढे सारत मामा म्हणाले. त्यांना राग येईल अशी माझी खात्री होती. मी वहीतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'बसणाऱ्याने' असं लिहून टाकलं.

पुढच्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरातल्यांच्या तपासण्या झाल्या, किडनी जुळली ती माझी. दादा एका शब्दानं बोलला नाही, उलट माझ्याकडे बघायचंच टाळू लागला. बायको म्हणाली, "पोरं अजून शाळेत आहेत, एवढंच सांगते. बाकी तुम्ही ठरवा." डॉक्टरांनी सांगितलेले दोन्हीकडचे धोके मी कागदावर मांडले, पुन्हा पुन्हा मांडले. त्यातून काही ठरेना. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि 'नाही' म्हणायला कुणाचा तरी आधार हवा होता.

म्हणून गेलो. गोटा कसा फिरतो ते मला पक्कं ठाऊक होतं. मला नकार हवाय, तेव्हा माझे हात डावीकडेच जाणार. मंगळवारची दुपार होती, देवळात फक्त मामा. वही घरी ठेवली होती. मी हात टेकवले आणि दादाला किडनी देऊ का, असं मोठ्यानंच विचारलं. दगड उन्हानं कोमट झालेला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तळव्यांखाली एखादं जनावर झोपेत कूस बदलावं तसं काहीतरी हललं, आणि गोटा सावकाश उजवीकडे वळला.

मी हात मागे घेतले.

"मामा, मीच फिरवला ना?"

"मग? हितं दुसरं कोन हुतं?"

"पण मला डावीकडे हवा होता."

मामा गाभाऱ्याकडे बघत राहिले. "तसं तुमाला वाटत हुतं," ते हळूच म्हणाले. "घरी जावा. दादांना सांगा."

मी वाकून नमस्कार केला. देवाला, दगडाला, मामांना की माझ्याच हातांना, ते मला सांगता येणार नाही.

याला चार वर्षं झाली. दादा रोज सकाळी फिरायला जातो, मीही जातो. मामा या चैत्रात गेले. त्याआधी आठ दिवस त्यांनी निरोप धाडला, वही घेऊन या. खाटेवर पडून त्यांनी सगळी वही पोथीसारखी ऐकली.

"तुमची वळ कुटं हाय?"

"लिहिली नाही, मामा."

"लिवा की."

त्यांच्यासमोर लिहिलं. बसणारा: मी. दिशा: उजवी. वेळ: मोजला नाही. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. मामांनी ते पाहिलं, आणि गोट्याला चाळीस वर्षं न लागलेला तो हात माझ्या हातावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

तो रकाना अजून मोकळा आहे. बसणारा मीच होतो, त्यात शंका नाही. तरी तसं लिहायला हात धजत नाही.