लेथमागची धूळ

सातपूरच्या एका गाळ्यात सावळीरामचं लेथ मशीन होतं आणि त्या मशीनवर त्याचा जीव. अंबडच्या कंपनीत अर्धं आयुष्य टर्नरकी करून त्यानं ते स्वतःचं म्हणून घेतलं होतं. "आपल्या शॉपमधी फरशीवर ताट ठेवून जेवा," असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. लेथमागं कॉटन वेस्टचं, म्हणजे मशीन पुसायच्या चिंध्यांचं पोतं होतं. त्यात उंदरांनी संसार थाटला होता, ही गोष्ट तेवढी तो कुणाला ऐकवत नसे.

खंडेनवमीला, मशीनला हार घालायच्या दिवशी, त्याची बायको मालन रांगोळी काढायला आली. नवरात्राचा उपास होता, तरी पदर खोचून कामाला लागली. पोतं ओढलं तर खाली लेंड्यांचा थर. तिनं पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको! मशीनला गंज धरंल," सावळीराम ओरडला.

"अहो, नुसतं शिंपडते. लय घाण हाय."

"सर बाजूला." त्यानं कॉम्प्रेसरचा पाइप घेतला नि धडाधड हवा मारली. आसपासच्या गाळ्यांतही सगळे असंच झाडायचे. पाणी नाही, पोचारा नाही, घटकेत मशीन लख्ख! गाळाभर धूळ उठली. तो दारात उभा होता, मालन आत कोपऱ्यात, नाकाला पदर लावून. मग आरती झाली, पेढे वाटले.

दिवाळीच्या तोंडावर मालन तापली. कंबर मोडून आली, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना आधी डेंग्यूचा संशय आला. "घरी किंवा कामाच्या जागी उंदीर आहेत का?" त्यांनी विचारलं. खाटेशेजारी सावळीरामची आई होती, आणि त्याला कामं देणारे यादवसाहेबही भेटायला आले होते. सावळीराम पटकन बोलून गेला, "छे! आपल्याकडं उंदीर? नाव नको."

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, ते निस्तरायला लागते. मालनला डायलिसिसवर घेतलं तेव्हा तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. रक्त तपासलं, त्यात हंता व्हायरस निघाला. उंदरांच्या मुतालेंड्यांत असतो, वाळलेली घाण उडाली की श्वासाबरोबर आत जातो. "यावर खास औषध नाही," बाई म्हणाल्या. "पण आधी कळलं असतं, तर सलाईन जपून दिलं असतं. किडनीकडे लवकर लक्ष गेलं असतं." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सावळीरामला वाटलं. आईला मात्र त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

मालन वाचली. बोलण्याइतकी झाली तशी सासूनं विचारलं, "कशानं गं झालं हे?"

"उपासात बिस्कीट खाल्लं, आत्याबाई. देवीला नाय चाललं."

सासूनं मान डोलावली. सगळ्या भाऊबंदांत तेच कारण झालं. सावळीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई खाली गेल्यावर तो खाटेजवळ बसला. "मालन, बिस्किटानं काय झालं नाय. तू पाणी शिंपडत होतीस, मी शिंपडू दिलं नाय. हवा मी मारली."

"ठावं हाय मला. आत्याबाईंपुढं तुमची मान खाली नको, म्हणून बिस्किटाचं नाव घेतलं."

त्याला रडू फुटलं. ती छताकडं बघत होती.

"डॉक्टरीणबाईंना तुम्ही नाय म्हणालात, तवाबी मी जागीच होते," ती म्हणाली. "तोंड उघडायची ताकद नव्हती. वाटलं, हे आता सांगतील. आता सांगतील."